कासवीची दृष्टी आणि बालकांची शंका

दृष्टान्त खोटा ठरला तर सिद्धान्ताचे काय होते? हा प्रश्न पूर्वी पाठशाळेतील पंडितांनी एकमेकांस विचारावा असा होता. आता तो इयत्ता तिसरीतली मुले विचारतात, आणि उत्तर देण्याची पाळी आम्हां कीर्तनकारांवर येते. या विषयावर वारकरी मंडळींशी चार शब्द बोलावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

निमित्त घडले ते आष्ट्यास. कृष्णा आणि वारणा यांच्या मधला हा काळ्या रानाचा, उसाचा मुलूख. तेथे एका सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. त्या दिवशी दुपारच्या प्रवचनात दुसऱ्या एका महाराजांच्या मुखातून कासवीचा प्रसिद्ध दृष्टान्त आला. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, पंखाखाली घेत नाही. दूर राहून नुसत्या कृपादृष्टीने त्यांचे पोषण करते. तशी आमची विठाई माउली! मंडळींनी नामघोष केला. प्रवचन उठल्यावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "महाराज, आमच्या बाई म्हणत्यात, कासवी अंडी वाळूत पुरून निघूनच जाती. मग ती बघती कुठनं?" मागून तिची आजी आली आणि पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "गप बस की गं! म्हाराजास्नी उलटं इचारतीस व्हय?"

आजीबाईंस आम्ही थांबवले. पोरीला म्हणालो, "माउली, तुझ्या बाई खरं सांगतात. आणि प्रवचनात सांगितलं तेही वाया गेलेलं नाही. दोन्ही कसं, ते समजायला तुला थोडं मोठं व्हावं लागेल." आजीबाई मात्र पुरेशा मोठ्या झालेल्या होत्या, आणि आपण वाचकही आहात, तेव्हा मोठ्यांना त्याचा उलगडा आजच व्हावयास हरकत नाही.

या बाबतीत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, पोरांची तोंडे मिटवा. आज कासवीवर शंका, उद्या देवावर. दुसरा पक्ष शिकलेल्यांचा. तो म्हणतो, हंस दूध आणि पाणी वेगळे करीत नाही, चकोर चांदणे पीत नाही, कासवी पाहून पिले वाढवीत नाही. तेव्हा हे सारे जुने गाठोडे चंद्रभागेत सोडा. आम्हांस दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. गंमत अशी की आपली शास्त्रे या दोघांपेक्षा पुष्कळ सावध आहेत.

गौतममुनींनी न्यायसूत्रांत दृष्टान्ताचे लक्षण सांगितले आहे. त्याचा भावार्थ असा की, ज्या गोष्टीविषयी साधा माणूस आणि पारख करणारा माणूस या दोघांचीही बुद्धी सारखी असते, तो दृष्टान्त. तर्कसंग्रह घोकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास स्वयंपाकघराचा दाखला पाठ असतो: धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. तेथे आजीचेही दुमत नाही आणि नैयायिकाचेही नाही. आता बघा, आष्ट्याची ती मुलगी शाळेत जाऊन पारखी झाली. आजीची बुद्धी एकीकडे, नातीची दुसरीकडे. गौतमांच्या लक्षणाप्रमाणे, त्या दोघींच्या मध्ये कासवीची दृष्टी हा दृष्टान्त उरलाच नाही. त्यात मुलीचा अपराध कोणता? पारख करावी अशी तर शास्त्राचीच अपेक्षा आहे.

मग सिद्धान्त पडला काय? मुळीच नाही. विठ्ठल कृपाळू आहे हे कासवीवरून सिद्ध झालेले नव्हते. ज्यांनी ती कृपा अनुभवली त्यांनी ती दुसऱ्याच्या गळी उतरावी म्हणून कासवीची उपमा घेतली. उपमा साक्षीला आलेली नसते, सोबतीला आलेली असते. राजशेखर पंडिताने काव्यमीमांसेत अशा गोष्टींसाठी 'कविसमय' या विषयास स्वतंत्र अध्याय दिले आहेत: जे लोकव्यवहारात तसे दिसत नाही, पण कवींच्या परंपरेने चालत आले आहे, ते. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या पंडितासही ठाऊक होते की कवींचा चकोर वेगळा आणि रानातला वेगळा. मीमांसकांनीही यज्ञस्तंभालाच सूर्य म्हणणाऱ्या वाक्याचा अर्थ शब्दशः घेतला नाही. ती स्तुती आहे असे सांगून तात्पर्य पाहिले. आणि आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात, अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी ते प्रमाण होत नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. श्रुतीची जेथे ही गोष्ट, तेथे आमच्या प्रवचनाचा काय पाड!

संतांच्या वाणीतले एक अक्षर बदलण्याचा अधिकार आम्हांस नाही, तशी इच्छाही नाही. कासवी पोथीत आहे तशीच राहील आणि आम्ही ती तशीच वाचू. पण अर्थ सांगताना, पुढे मुले बसलेली असताना, "कासव असेच करते" म्हणून कासवाविषयीची माहिती देऊ नये. आम्ही विठ्ठलाविषयी बोलायला उभे असतो, कासवाविषयी नव्हे.

आणि कासवाविषयीच बोलायचे असेल तर मग खरे बोलावे. ते काय कमी आहे? कोकणात रत्नागिरी जिल्ह्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते ठाऊक असेल. तेथे हिवाळ्याच्या रात्री समुद्रकासवाची मादी किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून बुजवते आणि त्याच रात्री समुद्रात परत जाते. पुन्हा बघायला येत नाही. शाळेतल्या बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे. पुढे दीड-दोन महिने त्या अंड्यांस ऊब देते ती वाळू. ती किती तापली यावर पिलू नर की मादी हेही ठरते. वाळू जास्त उबदार असली तर माद्या अधिक. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले, आणि आता पिले समुद्राकडे निघताना पाहण्यास लोक मुलाबाळांसह तेथे जातात.

पण आम्हांस यातली सर्वांत गोड गोष्ट पुढची वाटते. त्या पिलांतली जी मादी वाचते, ती कैक वर्षे समुद्रात फिरून, वयात आल्यावर अंडी घालण्यास पुन्हा आपल्या जन्मभूमीच्या किनाऱ्याकडे वळते. पृथ्वीचे चुंबकत्व तिला जाणवते आणि त्यावरून ती दिशा धरते असे संशोधकांना आढळले आहे. समुद्रात पाटी नाही, मैलाचा दगड नाही. तरी ती वाळवंटाकडे येते! चंद्रभागेच्या वाळवंटास माहेर म्हणणाऱ्या माणसाला याहून जवळचा दृष्टान्त कोणता हवा? यात आजी, नात आणि शाळेतल्या बाई या तिघींचीही बुद्धी सारखी आहे.

आईच्या वात्सल्याचा दाखला हवा असेल तर आष्टेकरांना वेळासपर्यंत जायला नको. कृष्णाकाठ जवळ आहे. औदुंबर, भिलवडी या बाजूला कृष्णेत मगरी आहेत हे त्या भागातले शेंबडे पोरही सांगेल. मगर म्हटली की आपल्याला गजेंद्राचा पाय धरणारी तेवढी आठवते. नदीकाठच्या लोकांना तिचे भय आहे आणि ते खोटे नाही. तिने माणसे धरली आहेत. पण ही मादी उन्हाळ्यात काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि कासवीसारखी निघून न जाता जवळपास राहून राखण करते. दिवस भरले की पिले अंड्यातूनच आवाज देतात. तो आवाज ऐकून ती खड्डा उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याने ती जनावर ओढून नेते, त्याच जबड्यात वीतभर पिलू, आणि त्याच्या अंगावर ओरखडा नाही! मांजर पिलू तोंडात धरते म्हणून वैष्णव आचार्यांत 'मार्जारन्याय' झाला. कृष्णाकाठी एखादा कीर्तनकार 'मकरन्याय' सांगू लागला तर आम्ही त्याच्या मागे टाळ धरून उभे राहू.

येथवर गोष्ट हौसेची होती. आता नागाकडे येऊ. येथे हौस संपते.

आष्ट्याच्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळा आहे. तेथील नागपंचमी दूरवर प्रसिद्ध. गोरक्षनाथांच्या आशीर्वादाने ती सुरू झाली असे तेथील लोक श्रद्धेने सांगतात. पूर्वी तेथे जिवंत नाग धरून आणून त्यांची पूजा व मिरवणूक होत असे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिवंत नागांची मिरवणूक बंद होऊन नागप्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ साली केंद्र सरकारने परंपरागत ज्ञानाचे शिक्षण या हेतूने, अटी घालून, मोजके नाग धरण्यास परवानगी दिली. शिराळकरांच्या श्रद्धेचा मान ठेवूनच आम्ही बोलतो. शिक्षण हा शब्द कागदावर आला हे चांगलेच झाले. आता मुलांना शिकवायचे काय, एवढाच प्रश्न उरतो.

नाग दूध पितो, हे आमच्या पिढीला आईच्या मांडीवर मिळालेले ज्ञान. पण विचार करा. दूध हे आई पाजते तेव्हा. आणि ज्यांच्या माद्यांना स्तन आहेत तीच जनावरे पाजणार. गाय पाजते, उंदरी पाजते, वटवाघळीणही पाजते. म्हणून तर ती उडत असली तरी पक्ष्यांत मोडत नाही. नागीण अंडी घालते. नागाच्या पिलाने जन्मात दूध पाहिलेले नसते. त्याचे अन्न म्हणजे उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी, प्रसंगी दुसरा साप. दारोदार फिरणारा गारुडी नागाला आधी पाण्यावाचून ठेवी. मग तहानेने कासावीस झालेला जीव पुढे येईल ते पिई, आणि त्या दुधाने त्याचा घातच होई. आपण म्हणायचे, नागोबा प्रसन्न झाले! पुंगीचेही तेच. नागाला बाहेर कान नाहीत; जमिनीची थरथर त्याला अंगातून आणि जबड्याच्या हाडातून कळते. तो डोलतो ते पुंगीच्या हालण्यावर नजर ठेवून, सुरावर नव्हे. बिचारी धामण तर निव्वळ आपल्या अज्ञानाने मारली जाते. ती गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते असे आम्ही गावोगाव ऐकले आहे. तिला विष नाही, आणि रानातले उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचे धान्य राखते.

एकनाथमहाराजांनी काय केले ते आठवा. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखात रिकामी केली. गाढवाला तहान लागली होती, म्हणून पाणी पाजले. हार घातला नाही, पोथी वाचून दाखवली नाही. नामदेवरायांचा कुत्रा पोळी घेऊन पळाला, तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कारण कोरडी पोळी घशाखाली उतरत नाही हे त्यांना कळत होते. या जिवाला या घडीला काय हवे, हे ओळखणे दयेच्या आधी येते. न ओळखता केलेली दया नागाच्या दुधासारखी. करणाऱ्याला पुण्य वाटते आणि घेणाऱ्याचा जीव जातो.

आणि केवळ नागाचाच जीव जातो असे नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज प्रसिद्ध झाला आहे; वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांत बहुतेक खेड्यातली, आणि पोरेबाळे पुष्कळ. उसाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. रात्री वीज येते म्हणून रात्री पाणी पाजायला जाणे, पाचटात हात घालणे, ऊसतोडीच्या खोपटात पोरांना भुईवर निजवणे, हे रोजचे. मण्यार रात्री निजलेल्याला चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा वेदनाही होत नाही. पोर पहाटे पोटात दुखते म्हणते, पापण्या जड होऊन खाली येतात, आणि घरचे म्हणतात, काही बाधले असेल, नाहीतर बाहेरचे काही असेल. देवळात नेतात, मंत्र घालतात. तेवढ्यात वेळ निघून जाते.

म्हणून आम्ही व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार साप मुलांना चित्रावरून ओळखता आले पाहिजेत. पुढे दिसला तर हात लावू नये, मारूही नये, मोठ्या माणसाला हाक मारावी. चावला तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. माणसाला न हलवता शांत ठेवून थेट दवाखान्यात न्यावे. तेथे सर्पविषावरची लस असते. ती कशी होते हेही मुलांना सांगावे, त्यांना फार आवडते. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याचे शरीर त्या विषाला उतारा तयार करते. तो उतारा त्याच्या रक्तातून काढून शुद्ध करतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. माउलींच्या पालखीपुढे अंकलीहून येणाऱ्या अश्वाला आपण नमस्कार करतो. सर्पदंशातून वाचलेल्या पोराच्या आईने कोणत्याही घोड्याला नमस्कार करावा.

कोणी म्हणेल, खऱ्या भक्ताला साप चावत नाही. असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; त्याने आपल्या नातवाला आधी दवाखान्यात न्यावे आणि वाद मागाहून करावा.

आता एक अवघड जागा. लहान मुलांना सारेच खरे सांगावे काय? भ्रमरकीटकन्याय सर्वांस ठाऊक आहे: भृंगी अळीला धरून मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने तिचाच ध्यास घेते आणि शेवटी भृंगीच होऊन बाहेर पडते, तसा भक्त ध्यासाने देव होतो. आपल्या भिंतीच्या कोपऱ्यात मातीची घरे करणारी कुंभारीण माशी ती हीच. खरा प्रकार असा की माशी अळीला दंश करून लुळी करते, तिच्याजवळ आपले अंडे घालते आणि दार लिंपून घेते. अंड्यातून निघालेले माशीचे पिलू ती जिवंत अळी खाऊन वाढते. जुन्या लोकांनी जे पाहिले ते अचूक पाहिले होते: आत गेली ती अळी, बाहेर आली ती माशी. मधले दार बंद होते. प्रत्यक्ष खरे होते, अनुमान चुकले.

हे पाच वर्षांच्या मुलापुढे उघडून ठेवावे काय? आमचे मत असे की, विचारले तर खोटे सांगू नये. विचारले नाही तर सगळे ओतू नये. घास मुलाच्या तोंडाएवढा करावा, पण त्यात खडा नसावा. माशी आपल्या पिलासाठी डबा भरून ठेवते, एवढे त्या वयाला पुरे. अळीचे काय होते ते त्याला नवव्या-दहाव्या वर्षी कळेल आणि तेव्हा ते चार दिवस गप्प बसेल. बसू द्यावे. सृष्टीत एक जीव दुसऱ्यावर जगतो हे पाहून थोरथोर गप्प बसले आहेत.

ज्याला रूपांतर दाखवायचेच आहे त्याने मुलांना परसातल्या कढीलिंबापाशी न्यावे. पानावर मोहरीसारखे पिवळसर अंडे, त्यातून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, मग तीच हिरवीगार, मग कोष, आणि काही आठवड्यांत फुलपाखरू. किंवा रुईपाशी जावे. मारुतीला तिची माळ घालतोच आपण. तिच्या चिकाचे पान खाणारी पट्ट्यापट्ट्यांची अळी असते. त्या चिकाने तिचे अंग इतके कडू होते की पक्षी तिला आणि तिच्या फुलपाखरालाही टाळतात. येथे दार बंद नाही. पोराने रोज सकाळी जाऊन बघावे.

जाता जाता एका मोहापासून सावध करतो. २०११ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडून पृथ्वीवर जीवांच्या सुमारे ८७ लाख जाती असाव्यात असा अंदाज केला. नावानिशी नोंदलेल्या तेव्हा १२ लाखांच्या आसपासच होत्या. लगेच आमच्यातले काही म्हणू लागले, बघा, चौऱ्यांशी लक्ष योनी आमच्यात आधीच सांगितल्या आहेत! अहो, उद्या तो आकडा ५० लाख ठरला तर काय तोंड लपवणार? ८७ लाखांच्या त्या अंदाजातच तेरा लाख इकडे-तिकडे धरलेले आहेत. उसन्या आधाराने शास्त्राला मोठेपणा येत नाही. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज ही आपली जुनी विभागणी फार सुंदर आहे. पण घामातून उवा होतात हे मात्र आजीची फणीच खोटे पाडते, कारण तिच्या दातांत लिखा सापडतात. इटलीत रेडी नावाच्या विद्वानाने १६६८ साली मांस झाकून आणि उघडे ठेवून दाखवले की माशी बसू दिली नाही तर अळ्या पडत नाहीत. आमच्या आजीबाईंना फणीवरून निम्मे ठाऊकच होते.

आणि रेड्याचे काय, असे कोणी तरी विचारणारच. पैठणास माउलींनी रेड्यामुखी वेद बोलवले, हे मुलाला सांगायचे की नाही? अवश्य सांगावे. पण रेड्याच्या गळ्याची घडण बोलण्याजोगी नसते हेही त्याला आधी ठाऊक असावे. ज्याला वाटते की जनावरे बोलतातच, त्याला त्या कथेत नवल ते काय वाटणार? ते चरित्र माउलींचे आहे, रेड्याच्या जातीचे नाही.

श्रावण येईल तेव्हा नागपंचमीस घरोघर पाट मांडावा. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळी घेत नाहीत, तवा ठेवत नाहीत. ते सर्व पाळावे. नाग मातीचा करावा, तो मुलांकडून करवून घ्यावा आणि करताना त्याच्या फणीवरचा आकडा, त्याचे अन्न, त्याचे बीळ याविषयी त्यांच्याशी बोलावे. लाह्या वाहाव्यात. दुधाची वाटी मातीच्या नागापुढे ठेवून नैवेद्य दाखवावा आणि मग ते दूध पोरांना पिऊ द्यावे.